तीनशे वर्षांचा पहारा

साकेत नगरातल्या ताईच्या दारात पेटी ठेवून मी पाया पडायला वाकलो, तोच ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून ओरडली, "अरे, तिथूनच कर नमस्कार! पुढे येऊ नकोस!" आणि भाऊजींनी मला दंडाला धरून मागे घेतले. आमच्या आजीच्या सोवळ्यानंतर इतके कडक अंतर मी कोणत्याही घरात पाहिले नव्हते. थायरॉइडच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर ताईला भोपाळातल्याच एका रुग्णालयात किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले होते. तीन दिवस ती शिशाच्या पडद्याआडच्या खोलीत एकटी राहून घरी परतली होती, आणि आणखी काही दिवस माणसांपासून, विशेषतः दीड वर्षाच्या नातवापासून, दूर राहण्याची ताकीद तिला मिळाली होती. भाऊजी 'भेल'मधून निवृत्त झालेले अभियंते, आणि हिशेबाशिवाय ज्यांना घास गिळत नाही अशा पिढीतले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दर आठव्या दिवसाभोवती लाल वर्तुळ काढून त्याखाली जुन्या आणे-पैशांत जमाखर्च मांडला होता. रुपयाने आरंभ, पहिल्या वर्तुळाखाली आठ आणे, दुसऱ्याखाली चार, तिसऱ्याखाली दोन, चौथ्याखाली आणा, सहाव्याखाली एक पैसा, आणि पाने उलटत उलटत ऐंशीव्या दिवसाच्या दहाव्या वर्तुळापाशी पोचले की बारीक अक्षरात, 'पैशाचा सोळावा हिस्सा'.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला अर्थातच ठाऊक होते. परंतु ते इतक्या घरगुती चलनात उतरलेले पाहिले नव्हते. ताईच्या शरीरात गेलेल्या आयोडीनपैकी बराचसा भाग पहिल्या दोनतीन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो, आणि म्हणूनच अशा खोलीतील शौचकुपाचे पाणी शहराच्या गटारात थेट सोडत नाहीत. ते बंद टाक्यांत साठवतात. एक टाकी भरली की तिचे तोंड बंद करून दुसरीचे उघडतात, पहिलीतला किरणोत्सार काळाच्या ओघात क्षीण होऊ देतात, मोजतात, आणि मर्यादेखाली आला म्हणजेच ते पाणी पुढे जाते. यात गूढ काही नाही. मुदत ऐंशी दिवसांची, आणि ऐंशी दिवस एक कारकून, एक कुलूप व एक नोंदवही जागेवर राहील एवढा भरवसा कोणत्याही बऱ्या रुग्णालयावर ठेवता येतो. साकेत नगराला लागूनच 'एम्स'ची इमारत आहे, संध्याकाळी तिच्या भिंतीलगत फिरताना भाऊजी म्हणाले, "तुमच्या तारापूरचा हिशेब हाच. फक्त दिवसांच्या जागी वर्षे घाला."

तारापूर 'माझे' ते अशा अर्थाने, की माझे आजोळ तारापूरच्या किल्ल्यापासून कोस-दीड कोसावर आहे. १९६९ साली तेथे देशातील पहिली अणुवीज निर्माण होऊ लागली तेव्हा आजोळच्या ओटीवर तिची जितकी चर्चा झाली, तिच्या शतांशानेही ती वीज निर्माण झाल्यावर मागे काय उरते याची झाली नाही. उरते ते दोन प्रकारचे. हातमोजे, गाळण्या, चिंध्या, पाणी शुद्ध करताना उरणारा गाळ असा जो सौम्य वा मध्यम प्रतीचा कचरा, तो आपल्याकडे प्रत्येक अणुवीज केंद्राच्या आवारातच, जमिनीत काही मीटर खोलीवर बांधलेल्या दगडी वा काँक्रीटच्या खंदकांत आणि पोलादी अस्तराच्या उभ्या विवरांत ठेवला जातो. दुसरा जहाल कचरा म्हणजे वापरलेल्या इंधनावर रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर उरणारे द्रव. ते बोरोसिलिकेट काचेत वितळवून, पोलादी डब्यांत सीलबंद करून, हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राहतील अशा कोठीत निदान तीसएक वर्षे सांभाळायचे आणि पुढे केव्हातरी खोल खडकात पुरायचे, असा शिरस्ता ठरलेला आहे. काचीकरणाचे हे काम तारापुरात १९८५ पासून चालू आहे. ज्या खडकात ती काच अखेरची विसावेल तो खडक अद्याप नेमलेला नाही.

पहिल्या प्रकारच्या खंदकांची मुदत तीनशे वर्षांची धरतात, आणि ती धरण्याचे कारण भाऊजींच्या कालनिर्णयावर आहे. त्या कचऱ्यातील मुख्य द्रव्ये सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोघांचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षे. दहा वर्तुळे म्हणजे तीनशे वर्षे, मग रुपयातला पैशाचा सोळावा हिस्सा उरतो. या तीन शतकांपैकी पहिले शतक साधारणपणे प्रत्यक्ष पहाऱ्याचे, कुंपण, चौकीदार, विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणी यांचे, आणि पुढची दोन शतके दप्तरातील नोंदींची व जमिनीच्या वापरावरील निर्बंधांची मानली जातात. हे वाचून मी पहिल्यांदा जो थबकलो तो विज्ञानापाशी नव्हे, इतिहासापाशी. ज्या भोपाळात मी बसलो होतो तेथे १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला कोंडले, आणि पुढच्या जानेवारीत शहरापासून फार दूर नसलेल्या दोराहा येथे त्याच्याकडून तह लिहून घेतला. त्यानंतर सुमारे वर्षभराने चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला. या दोन्ही गोष्टींना आज तीनशे वर्षेसुद्धा झालेली नाहीत. तेवढ्यात भोपाळने दोस्त मोहंमदाचे वारस पाहिले, एकामागून एक चार बेगमांची कारकीर्द पाहिली, इंग्रजांशी झालेला करार पाहिला, १९४९ चे विलीनीकरण आणि १९५६ ची राजधानी पाहिली. दप्तराची भाषा फारसीवरून उर्दूवर, मग इंग्रजीवर आणि हिंदीवर गेली. आमच्याकडची गत निराळी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले लक्षावधी कागद मोडीत आहेत, आणि ज्या लिपीत अगदी आपल्या आजोबांपर्यंतच्या पिढीने सातबाराचे उतारे वाचले ती आज वाचणाऱ्यांची गणना बोटांवर नव्हे तरी हातांवर करता येईल. तारापूरच्या खंदकाची नोंदवही तीनशेव्या वर्षी ज्या तरुणाच्या हाती पडेल, त्याला ती वाचता येईल हे गृहीतक मला काँक्रीटपेक्षा अधिक ठिसूळ वाटते.

अशा जागेची दीर्घकालीन सुरक्षितता तपासणारे शास्त्रज्ञ, त्यांच्या श्रेयासाठी सांगितले पाहिजे, या ठिसूळपणाकडे डोळेझाक करीत नाहीत. त्यांची रीत किल्ल्याची पारख करणाऱ्या अनुभवी सरदारासारखी असते: किल्ला बेलाग आहे असे म्हणून ते मोकळे होत नाहीत, उलट तो पडणारच असे धरून कोणता दरवाजा प्रथम जाईल, त्यानंतर बालेकिल्ल्यापर्यंत पोचायला शत्रूला किती काळ लागेल, आणि पोचल्यावर त्याच्या हाती किती लागेल, याचा हिशेब मांडतात. सिमेंटमध्ये थिजवलेला कचरा हा बालेकिल्ला. त्याभोवतीचे पिंप, खंदकाची भिंत, मातीचे भराव, वरचा जलरोधक थर हे एकाबाहेर एक तट. आणि शत्रू बहुतेक वेळा एकच, पाणी. पावसाचे पाणी वरून झिरपले, भिंतीला चीर गेली, पिंप गंजले, सिमेंटमधून थोडे थोडे सीझियम निघाले, ते भूजलात उतरले, आणि एका विशिष्ट अंतरावरच्या विहिरीचे पाणी एक कुटुंब जन्मभर प्यायले व त्याच पाण्यावर भाजी पिकवून जेवले, तर त्या कुटुंबातल्या माणसाला वर्षाकाठी किती मात्रा पोचेल? आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की ती ०.३ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ नये. तुलनेसाठी, खडक, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येक माणसाला निसर्गतःच सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. या गणितात सीझियम हा शत्रूच्या फौजेतला जड तोफखाना ठरतो, कारण चिकणमातीच्या कणांना तो चिकटून बसतो आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर इतका रेंगाळतो की विहिरीपर्यंत पोचेतो त्याचे आयुष्य संपते; आयोडीन-१२९ मात्र सडा घोडेस्वार, पाण्याच्या वेगानेच दौडणारा, आणि त्याचे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून अधिक.

हे सारे भाऊजींनी मला गच्चीवर, ताईच्या जास्वंदीच्या कुंडीपाशी उभे राहून समजावून दिले, आणि मध्येच त्या कुंडीकडे बोट दाखवले. ताईच्या आजारपणात कुंडीला पाणी मिळाले नव्हते. माळव्याची काळी माती आक्रसून तिला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांनी तांब्याभर पाणी ओतले. ते भेगांतून सरळ खाली जाऊन तबकडीत उतरले; दुसरा तांब्या ओतला तेव्हा त्याचा बराच भाग कुंडीतच मुरला; आणि सकाळी पाहतो तो माती फुगून भेगा बुजल्या होत्या, पाणी वरच साचून राहात होते. फिनलंडने ओल्किलुओतो येथे सुमारे ४३० मीटर खोल खडकात वापरलेल्या अणुइंधनासाठी जे भांडार खोदले आहे, त्यात तांब्याच्या जाड डब्याभोवती बेंटोनाइट नावाची जी माती ठासून भरतात, ती आपल्या काळ्या मातीतल्याच खनिजाच्या कुळातली. ओली झाली की ती फुगते, स्वतःच्या भेगा स्वतः बुजवते, आणि पाण्याला वाट ठेवीत नाही. पण सुकली की तिची आमच्या कुंडीसारखी गत होण्याचा संभव, आणि आतला डबा तर उष्ण. म्हणून त्या डब्याभोवतीच्या मातीचे तापमान शंभर अंशांच्या आत राहील अशा बेताने डबे एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात. भोपाळचे पिण्याचे पाणी ज्या कोलार धरणातून येते त्याच्याशी नावापलीकडे नाते नसलेल्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, आपल्या शास्त्रज्ञांनीही गेल्या शतकाच्या नवव्या दशकात अशीच परीक्षा घेतली: कचऱ्याऐवजी विजेचे तापक खडकात बसवले, आणि उष्णतेने खडक कसा प्रसरण पावतो, कोठे ताणला जातो, हे मोजले.

चौथ्या दिवशी मी एकट्याने शहराच्या उत्तर टोकाला जाऊन आलो. भोपाळला येऊन युनियन कार्बाइडच्या कारखान्याकडे पाठ फिरवून जाणे मला प्रशस्त वाटले नाही, आणि माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे अशी माझी समजूत होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची हकीकत प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. टाकी क्रमांक ६१० मधून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले आणि हजारो माणसे मेली. परंतु मी पाहायला गेलो होतो ते त्या रात्रीच्या आधीचे व नंतरचे. कारखाना १९६९ मध्ये सुरू झाल्यापासून त्याचा टाकाऊ माल आवारातल्या खड्ड्यांत पुरला जात असे. आणि १९७७ मध्ये रेल्वेमार्गापलीकडे, प्लास्टिकच्या अस्तराचे मोठे तलाव बांधून त्यांत सांडपाणी उन्हाने आटवण्याची व्यवस्था करण्यात आली. हे तलाव गळत आहेत ही तक्रार १९८२ मध्ये कंपनीच्या आपल्या पत्रव्यवहारातच नोंदलेली आहे. म्हणजे जो तट अनेक वर्षे टिकायचा होता तो पाच वर्षांत फुटला, फुटल्याचे माहीत झाले, आणि ते कागदावर राहिले. मी गेलो तेव्हा तेथे म्हशी चरत होत्या, पोरे विटा रचून क्रिकेट खेळत होती. सावध करणारा फलक मला एकही दिसला नाही. जवळच्या वस्तीतली एक म्हातारी नळावर कळशी भरीत होती. तिने हिंदीत सांगितले ते असे, की पूर्वी हातपंपाचे पाणी तोंडाला लावले की घशात खाज सुटे, आता नळ आला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला होता. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने हैदराबादच्या भूभौतिक संस्थेसह २०१० मध्ये दिलेल्या अहवालात दूषित मातीचा अंदाज सुमारे अकरा लाख टन इतका आहे.

याच आवारातल्या कोठीत गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या हुकमावरून १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद गाड्यांतून, पोलिसांच्या बंदोबस्तात, अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपुरास नेण्यात आला. अपघाताला चाळीस वर्षे उलटून गेली होती. पीथमपुरात लोक रस्त्यावर उतरले, चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर तो सारा भट्टीत जाळून झाला. त्यात चुना मिसळल्याने राखेचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले, आणि ती राख कोठे पुरावी हा नवा वाद सुरू झाला. हा कचरा किरणोत्सारी नव्हता, हे मला कोणी सांगायला नको. पण दोहोंतला फरक किरणोत्सारी कचऱ्याच्या बाजूचा आहे, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानात त्या रेल्वेमार्गापाशीच प्रथम आली. सीझियमला कालनिर्णय लागू आहे. त्या मातीतला पारा तीनशे वर्षांनी पारा, तीन लाख वर्षांनीही पारा. त्याला आणे-पैशांत उतरवणारे लाल वर्तुळ नाही. तरी एकासाठी आपण दहा अर्धायुष्यांचा हिशेब मागतो आणि दुसऱ्यासाठी कोणी दहा वर्षांचाही मागितला नाही.

पाचवा दिवस प्रवासाचा. होशंगाबाद रस्त्यावरून आत वळले की बेतवेच्या काठी भोजपूर लागते. अर्धवट राहिलेल्या शिवमंदिरासाठी लोक तेथे जातात, आणि ते पाहण्यासारखे आहेच. मंदिरामागच्या कातळावर शिल्पकारांनी खांब, शिखर यांचे नकाशे कोरून ठेवले आहेत, ते हजार वर्षांनंतरही एखाद्या कुशल गवंड्याला वाचता येतील इतके स्पष्ट आहेत. पण मला ओढ होती ती धरणाची. अकराव्या शतकात राजा भोजाने टेकड्यांमधल्या खिंडी प्रचंड दगडांनी, चुन्याशिवाय, बुजवून येथे एक अफाट सरोवर निर्माण केले. ते आज नाही. त्या बांधाचे दगड मी हात लावून पाहिले. एकावर एक बसलेले, मधल्या सांध्यात सुरीचे पाते जाऊ नये असे. हा बांध पावसाने फुटला नाही, भूकंपाने फुटला नाही, जुना होऊन ढासळला नाही. सुमारे चारशे वर्षे तो टिकला, आणि मग पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो फोडण्याचे फर्मान काढले. तळ्याखालची सुपीक जमीन त्याला हवी होती, असे म्हणतात. फोडायलाच फौजेला तीन महिने लागले आणि पाणी ओसरायला तीन वर्षे, अशी दंतकथा तिकडे सांगतात. भोजाचाच दुसरा बांध भोपाळ शहरात कमला पार्कपाशी आजही मोठ्या तलावाचे पाणी अडवून उभा आहे आणि त्यावरून बसगाड्या जातात, कारण तो फोडावा असे कोणाच्या मनात आले नाही. दोन्ही बांध एकाच राजाचे, एकाच खडकाचे. सुरक्षिततेच्या अहवालांत 'मानवी हस्तक्षेप' या मथळ्याखाली जे प्रकरण असते, ते मी भोजपूरपूर्वी परिशिष्ट म्हणून वाचत असे.

माणसाच्या हाताचे दाखले किरणोत्सारी कचऱ्याच्या जागांवरही आहेत. खनिज मीठ कोरडे असते म्हणून जर्मनीने आस्से येथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे ठेवली. १९८८ पासून तेथे रोज हजारो लिटर पाणी शिरू लागले, कारण मीठ काढणाऱ्यांनी पूर्वीच खाण चोहीकडून पोखरून ठेवली होती. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्याच थरात, साडेसहाशे मीटर खोल, जे भांडार १९९९ मध्ये उघडले, तेथे २०१४ साली एक पिंप फुटले. द्रव शोषून घेण्यासाठी त्यात खनिज मातीऐवजी मांजरांसाठी विकली जाणारी गव्हाची भरड घातली गेली होती आणि तिची नायट्रेटशी रासायनिक झटापट झाली. जवळजवळ तीन वर्षे ते भांडार बंद राहिले. दहा हजार वर्षांचे खडकाचे गणित बरोबर होते. चुकला तो खरेदीचा कागद. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांनी जे यंत्र फोडले ते एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने चाळीस वर्षांपूर्वी आणलेले, पुढे न वापरलेले आणि अखेर लिलावात काढलेले कोबाल्ट-६० चे यंत्र होते. एक माणूस मेला. चाळीस वर्षांत, त्याच इमारतीत, त्याच भाषेत, यंत्रात काय आहे याची आठवण पुसली गेली होती.

भोजपुराहून आम्ही भीमबेटकाला गेलो. १९५७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून हे खडक पाहून उतरलेले डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आपले, मराठी. त्यामुळे वाटाड्याने त्यांचे नाव घेताच मी उगाच ताठ झालो. सातशेहून अधिक गुहाश्रयांपैकी काहींत माणसाने गेरूने व चुन्याने काढलेली चित्रे आहेत, आणि सर्वांत जुन्या थरांचे वय दहा हजार वर्षांच्या घरात सांगतात. न्यू मेक्सिकोच्या भांडारावर सावधगिरीच्या खुणा उभारण्यासाठी १९९३ मध्ये जो अहवाल झाला त्याची मुदतही नेमकी तेवढीच, दहा हजार वर्षे. ग्रॅनाइटचे स्तंभ, सात भाषांतले मजकूर, भयभीत चेहऱ्यांची चित्रे असा त्याचा बेत. टॉमस सेबॉक या चिन्हशास्त्रज्ञाने तर १९८४ मध्ये, भोपाळच्याच वर्षी, या ठिकाणांविषयी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवणारा एक पुरोहितवर्गच निर्माण करावा असे सुचवले होते. भीमबेटकाच्या एका खडकावर, शिंगे असलेला एक अजस्र वराह एका पळत्या माणसाच्या मागे लागला आहे. वाटाडा म्हणाला, हे देवाचे चित्र असावे. माझ्या शेजारच्या इंदूरच्या गृहस्थांना ते शिकारीचे वाटले. एखादा म्हणेल, या जागी येऊ नका असेच त्याला सांगायचे होते. आणि त्याला खोटे पाडायला आपल्याजवळ काय आहे?

मला आमच्या कोकणातले गधेगाळ आठवले. शिलाहारांनी दिलेल्या दानाला कोणी हात लावू नये म्हणून उभे केलेले ते दगड: वर दान चिरंतन राहावे म्हणून सूर्य आणि चंद्र, मध्ये लेख, आणि ज्याला लेख वाचता येत नाही त्याला कळावे म्हणून खाली एक अत्यंत अश्लील शिवी चित्ररूपाने कोरलेली. निर्बंध, मुदत, शिक्षा, आणि निरक्षरासाठी चित्र; त्या अमेरिकन अहवालाने जे योजले ते सारे त्या दगडात आहे. अलिबागेजवळच्या अक्षीचा दगड या वर्गातला सुप्रसिद्ध. पण कित्येक गावांत आज अशा दगडाला शेंदूर फासलेला आढळतो. बायका त्याला नारळ वाढवतात. ज्याच्यापासून दूर राहा म्हणून सांगायला तो उभा केला, त्याच्यापाशीच लोक हात जोडून जातात. तारापूरच्या खंदकावर आपण कोणता दगड उभा करणार आहोत, हे मी भाऊजींना गाडीत विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "दगड नको. जागा अशी निवडा की दगड वाचला नाही तरी चालेल."

त्यांचे हे म्हणणे खोल भांडाराच्या बाजूचे होते, आणि त्यामागे माणसाचा नव्हे, निसर्गाचा दाखला आहे. आफ्रिकेतल्या गॅबोन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात, पाण्याच्या साहाय्याने, आपोआप अणुविखंडनाची भट्टी पेटली आणि लक्षावधी वर्षे धुमसत राहिली. फ्रेंच शास्त्रज्ञांना हे १९७२ मध्ये उमगले. तेथे निर्माण झालेले प्लुटोनियम, कोणताही डबा, कोणतीही भिंत, कोणताही चौकीदार नसताना, जागचे फारसे हललेच नाही. चोवीस हजार वर्षांचे अर्धायुष्य जागच्या जागी भोगून ते संपले. मात्र ओक्लोतूनही विरघळणारी, पळणारी द्रव्ये निसटली आहेत, आणि एका ठिकाणच्या खडकाचा दाखला दुसऱ्या खडकाला जामीन राहात नाही, हेही भाऊजींनीच पुढे जोडले. खोल खडकाची निवड रखडत असेल तर रखडू द्यावी, असे माझे मत आहे. आस्सेची घाई पाहिल्यावर तर ते अधिकच पक्के झाले. परंतु ती रखडते तोवरचा प्रत्येक दिवस पहाऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि ते खाते कोणाच्या नावे आहे हे मला तारापुरातही नीट सांगता आले नसते.

परतायच्या आदल्या दिवशी ताईचे दुसरे लाल वर्तुळ ओलांडून गेले होते. डॉक्टरांनी मुभा दिल्यावर तिने नातवाला पंधरा दिवसांनी कडेवर घेतले आणि तो आधी ओळख नसल्यासारखा रडला. त्याच रात्री शेजारच्या रिकाम्या भूखंडावर बोअर मारायची गाडी आली. रात्रभर ते यंत्र धडधडत होते. पहाटे खिडकी उघडली तेव्हा जास्वंदीच्या पानांवर करड्या दगडाची पिठी बसली होती. दूध आणायला खाली उतरलो तेव्हा तमिळनाडूकडचा तो मिस्त्री एका पत्र्याच्या डब्यावर बसून वहीत आकडे मांडीत होता: फूट, केसिंग, दर, एकूण. पाणी कितीवर लागले म्हणून विचारले तर म्हणाला, तीनशे दहा. खाली काय काय लागले, असे मी पुढे विचारताच त्याने वहीतून मान वर केली. हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा.

"पत्थर," तो म्हणाला, आणि पुढचा भूखंड कोणत्या गल्लीत आहे हे मला विचारू लागला.